माती शोधणारी सावली

तुर्कस्तानात तेजल मगदूमची कुस्ती सुरू झाली, तेव्हा तेजल बोरगावच्या तालमीत बसून शेंगा सोलत होती. खेळाडूंना परदेशी पाठवणं आता बंदच झालं होतं. रोजचा सराव बघून मशीन प्रत्येकाची हुबेहूब सावली बनवायचं आणि ती सावलीच तिकडं जाऊन लढायची.

पडद्यावर शिट्टी झाली. तेजलची सावली वाकली आणि मॅटवर काहीतरी चाचपायला लागली.

"अगं, काय करतीय ही?" वस्ताद ओरडले.

"माती शोधतीय, आप्पा. कपाळाला लावायला. मी लावते ना रोज!"

मॅटवर कुठली आलीय माती? सावली शोधतच राहिली आणि समोरच्या पोरीनं तिला अलगद उताणी केली.

लगेच सावल्या पाठवणाऱ्या सरकारी योजनेच्या साहेबांचा फोन आला. "तेजल, तू हरलीस. योजनेतून बाहेर."

"मी कुठं हरले? मी इथंच आहे की! एकदा मला पाठवून बघा ना!"

"सावलीला जमलं नाही, तुला काय जमणार?" फोन बंद.

तेजलनं आखाड्यातली मूठभर माती उचलली.

"आप्पा, ते मशीन कुठं ठेवलंय?"

"कशाला गं?"

"त्याला माती पाहिजे होती ना? घालून येते."