दोन वर्षांनी लहान

अकरा वर्षांपूर्वी त्याला एक पत्र आलं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेत त्याच्या संघाने ज्यांना हरवलं, त्यांच्या प्रशिक्षकाने लिहिलं होतं, "माझी मुलं रडत घरी गेली. तुझं खरं वय तेवढं लिहून कळव." मामाने जन्मदाखल्यावर त्याचं वय दोन वर्षांनी कमी करून घेतलं होतं. "हरलेल्यांची कुरकुर आहे रे, उत्तर कसलं देतोस!" असं मामाच म्हणाला आणि उत्तर राहून गेलं. पुढे तीच खोटी तारीख सगळ्या कागदांवर चढली.

आज मुलांच्या फुटबॉल संघटनेत व्यवस्थापकाच्या पहिल्यावहिल्या नोकरीसाठी त्याची मुलाखत होती. टेबलापलीकडे तोच प्रशिक्षक बसला होता, आता संघटनेचा सचिव म्हणून. त्याने साधं 'बसा'सुद्धा म्हटलं नाही.

"या जागेला पंचवीस पूर्ण लागतात. कागदावर तुम्ही चोवीसचे. या आता."

"साहेब, मी खरं तर सव्वीसचा आहे," तो घाईघाईत बोलून गेला.

"अस्सं?" सचिवाने फाइल मिटली. "मग तसं लिहून कळवा. माझा पत्ता तोच आहे. आणि खोट्या वयावर खेळलेल्याला आम्ही इथे शिपाई म्हणूनही ठेवत नाही, तेही ध्यानात असू द्या."



संध्याकाळी त्याने उत्तर पोस्टात टाकलं. त्यात खरी जन्मतारीख होती, आणि नोकरीबद्दल एक अक्षरही नव्हतं.