बारीक अक्षरं

"परत बारीक झाली गं अक्षरं," पडद्याला नाक लावून काका म्हणाले.

सहायक मुलगी हसत उठली. दोन कळा दाबल्या, तशी पानावरची अक्षरं टपोरी झाली. रोज सकाळी हेच. संध्याकाळी मशीन बंद केलं, की त्याला केलेल्या सगळ्याचा विसर पडायचा.

"माझ्यावर गेलंय ते," काका म्हणाले.

सांजदैनिकाच्या मुद्रितशोधन विभागाचे ते प्रमुख. त्यांच्या नजरेतून साधी वेलांटी सुटायची नाही. आता डोळे दगा देत होते, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. हाताला धरून काम शिकवलं होतं त्यांनी तिला.

"कॉम्प्युटरवाल्याशी मीच बोलू का?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुम्ही नका. उगाच संपादकांच्या कानावर जायचं. मी बघते."

ती जाऊन आली. "मशीन जुनं झालंय म्हणाला, इलाज नाही. असू दे काका, मी आहे ना."

मग एक दिवस ती रजेवर गेली. नेमकं पहिलं पान उशिरा हातात आलं. अक्षरं मोठी करायच्या कळा काकांना ठाऊक नव्हत्या; दुसऱ्या कुणाला हाक मारायची, तर बभ्रा होणार. काकांनी डोळे ताणताणून पान वाचलं आणि छपाईला सोडलं.

मालकांच्या आई इस्पितळात होत्या. मथळा होता, 'आईसाहेबांची सर्वांना चिंता'. छापून आलं, 'आईसाहेबांची सर्वांना चिता'.

"एवढं टिंब दिसलं नाही तुम्हाला?" संपादकांनी विचारलं.

मान खाली घालून काकांनी राजीनामा दिला. त्यांची खुर्ची तिला मिळाली. निरोपाच्या वेळी ती ओक्साबोक्शी रडली. काकांनाच तिची समजूत घालावी लागली.

निघताना ते कॉम्प्युटरवाल्याकडे डोकावले. "माझं राहू दे, पण त्या पोरीला तरी धड मशीन दे बाबा. रोज सकाळी अक्षरं मोठी करून द्यायची बिचारी."

तो गोंधळला. "मशीन चांगलंय की! बसवतानाच अक्षरं कायमची मोठी करून दिली होती मी. त्याच दिवशी तुम्ही घरी गेल्यावर ताईंनीच मला बोलावून ते काढायला लावलं. म्हणाल्या, काकांना बारीकच लागतात."