स्टिअरिंगवर

बाबांनी हौसेने जुनी गाडी घेतली. सुटीत तिघांनी मिळून तिला नवं रूप द्यायचं होतं. इंजिन बंद, काचा धुळीने माखलेल्या. आई स्टिअरिंगकडे गेली, बाबा आणि लेक मागून ढकलायला लागले. उतारावर गाडी हातातून सुटली, तशी लेक ओरडली.

“आई, डावीकडे घे! ब्रेक दाब!”

चाकं डावीकडे वळली. गाडी अलगद गॅरेजमध्ये शिरून थांबली.

“शाबास!” बाबा म्हणाले.

“शाबासकी कोणाला?” आई घरातून धावत आली. “किल्ली तर मला आत्ता सापडली. दार उघडलंच नाहीये अजून.”

लेकीने वळून पाहिलं. स्टिअरिंगच्या बाजूच्या बंद दाराची काच आतून हळूहळू खाली सरकत होती.