तांब्यातली चिठ्ठी

"मावशी, परत एकदा सांगते, नीट ऐका," असं म्हणून पंकजा स्टुलावर टेकली. औषधाच्या अभ्यासाचं काम बघणारी ही नर्स सकाळपासून तिसऱ्यांदा तेच सांगत होती आणि गीताबाई तिसऱ्यांदा ऐकत होती. नगरच्या त्या हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या बाकावर तिचा आज चौथा दिवस. डोळ्यांवर झापड होती, पण पाठ टेकायला जागा नव्हती.

आत तिचा नवरा, रंभाजी. काष्टीच्या रानात पिकाला पाणी द्यायला दारं धरताना पायाला खोरं लागलं, तर त्यात हळद भरून गडी पुन्हा पाण्यात उभा राहिला. आठ दिवसांत जखमेचं विष रक्तात भिनलं.

"जंतू मरतायत," पंकजा म्हणाली. "पण त्यांच्याशी लढायला शरीरानं जी आग पेटवली, ती विझत नाहीये. किडनीपर्यंत गेलीय. ती कमी करायला हे नवं औषध. अजून खात्रीचं नाही, म्हणून तर अभ्यास चाललाय. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवतो. मलाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. तुम्ही नको म्हणालात तरी ते चालूच राहतील. पण या संमतीच्या कागदावर सही चारच्या आत हवी."

चिठ्ठी म्हटल्यावर गीताबाईनं मान वर केली. बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं असलं तरी चिठ्ठी तिला चांगली ठाऊक होती. कालव्यातून गावच्या चारीला पाणी सुटलं की कुणाचं रान आधी भिजायचं, ते चिठ्ठ्यांवर ठरे. तीस वर्षं त्या चिठ्ठ्या रंभाजीच करी. पितळी तांब्यात टाकी, एकेकाला उचलायला लावी आणि स्वतः मात्र उरेल ती घेई. सरळ माणूस म्हणून गावात त्याचं नाव होतं.

"ताई," ती आवाज खाली आणून म्हणाली, "चारीच्या पार शेपटाला गोजरबाईचं रान हाय. एकटी बाई. पानी तिथवर पोचायचंच न्हाई. मग आमचं हे पयल्या नंबराच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडायचे. बाईमानूस म्हनून तांब्यात पयला हात तिला घालाया लावायचे. बोटाला दुमड लागली की तीच उचल, असं तिला आदी सांगून ठेवल्यालं. कुनाला कळलं न्हाई कदी. सोतासाठी एकदाबी केलं न्हाई त्यांनी."

ती बाकावरून पुढं सरकली.

"तेवढा एक कोपरा दुमड, पोरी."

पंकजानं डोळे चोळले. "मावशी, कॉम्प्युटरच्या चिठ्ठीला कोपरा नसतो. आणि औषध मिळालं, तरी ते लागू पडेल की उलट बाधेल, हेही आज कुणी सांगू शकत नाही."

"म्हंजी पयला नंबर लागला तरी पानी येईलच, असं न्हाई."

"नाही."

गीताबाईला एकदम रंभाजीचाच राग आला. जगाच्या पाळ्या लावत बसला आणि स्वतःच्या पायाकडे बघायला याला सवड झाली नाही. राग आला तसा गेला, आणि मागं राहिलं ते नुसतं दमणं. तिनं पेन मागितलं. बचत गटात शिकलेली अक्षरं तिनं एकेक करून कागदावर ठेवली, शेवटच्या अक्षरापाशी थांबली, मग तेही लिहिलं.

कागद परत देण्याआधी तिनं त्याचा खालचा कोपरा दुमडला आणि दुमडीवरून नख फिरवलं.

पंकजानं कागद फायलीत ठेवला. सवयीनं तिचा हात कोपरा सरळ करायला गेला. मग तो तसाच ठेवून तिनं फाईल मिटली आणि ती आत गेली.