फाळक्यावरचं ठिगळ

“बाबा, हा ट्रक आजोबांचाच कशावरून?”

मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, ‘तू विचारणारच नाहीस.’ तिने विचारलं, तेही बाबांच्या हातात हातोडा असताना.

बाबा रागावले नाहीत. पत्रेकाम करणारा माणूस, उत्तरही पत्र्यातच देणार. त्यांनी भंगारातून आणलेल्या त्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावरच्या वीतभर ठिगळावर तिचा हात ठेवला. “रिव्हेट चाचप.”

बाराही रिव्हेटांची डोकी एकाच बाजूला कललेली. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर आहेत तश्शी. ती ट्रंक आजोबांनी केलेली.

“डावखुऱ्याचा घाव,” बाबा म्हणाले. “तुझ्या आजोबांचा हात लपत नाही.”

आजोबा लष्करात ट्रक चालवायचे, दुरुस्तही करायचे. बाबा रांगत असताना ते युद्धावर गेले. मग तार आली: बेपत्ता, मृत समजावे. तरी आजीने मरेपर्यंत दाराला आतून कडी लावली नाही.

“आता रंग वाच.” बाबांनी फाळक्याचा कोपरा खरवडला. “वरचा निळा भंगारवाल्याचा. त्याखाली पिवळा, युद्ध संपल्यावर ट्रक दगडाच्या खाणीला विकला, तेव्हाचा. सगळ्यात खाली हिरवा. तो लष्कराचा.”

उद्या संग्रहालयाच्या तपासनीस बाई येणार होत्या. ठिगळ लष्करातलंच ठरलं, तर ट्रकपुढे आजोबांच्या नावाची पाटी लागणार होती. जगात कुठेतरी त्यांचं नाव.

“ठिगळाखाली थेट हिरवा दिसला की झालं, म्हणजे ठिगळ खाणीच्या आधीचं. तूच उचल, शंका तुझी.”

“त्या ट्रकलाच जेवायला बोलवा,” आई आतून म्हणाली, “म्हणजे तुम्ही दोघंही याल.”

बाबा हसले आणि डोळे पुसत आत गेले. तिने एक रिव्हेट उडवला, ठिगळाचा कोपरा उचकटला, आत टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिली. मग अंगठ्याने कोपरा होता तसा दाबून बसवला.

जेवताना बाबा पाटीचा मजकूर वाचून दाखवत होते. ‘देशासाठी प्राण’पाशी अडखळले, पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

“बडबडी आज गप्प कशी?” आई म्हणाली. “पैज हरलीस वाटतं?”

“जिंकले.” तिने बाबांच्या हातातला कागद हळूच काढून घेतला. “बाबा, ठिगळाखाली पिवळा आहे. उद्या मी शाळेत जाणार नाही. खाणीचे जुने हजेरीपट बघायला जाणार आहे.”