राहिलेला एक शब्द

बाबा गेल्यावर त्यांचं सभासदत्व बंद करायला मी ध्रुवीय मोहिमांच्या मंडळाची वेबसाइट उघडली. खलाशांच्या जुन्या डायऱ्या वाचून टाइप करायचं काम सभासद वाटून घेत. बाबांच्या वाट्याला आलेल्या पानात एकच जागा रिकामी होती. शेजारी त्यांची टीप: 'अक्षर लागत नाही. लेकीला विचारतो.'

"फोटो पाठवलाय, एवढा एक शब्द बघ गं," ते फोनवर म्हणायचे.

"नंतर बघते, बाबा."

टिपेखाली नॉर्वेच्या एका सभासदाने तीनदा विचारलं होतं, 'मी भरू?' तिन्ही वेळा बाबांचं उत्तर एकच: 'थांबा. ती खूप वाचते, तिला लगेच लागेल. सध्या कामात आहे.' तारखेवरून कळलं, शेवटचं उत्तर हॉस्पिटलमधून दिलेलं.

मी डायरीच्या पानाचा फोटो मोठा केला. शब्द होता बिस्किट. वाचायला चार सेकंदही लागले नाहीत.