साचेखात्यातली बोली

"आणखी एकदा म्हणा, बाबा. सावकाश." अनुजाने कॅमेरा जरा खाली केला.

गणपतरावांनी ओठ हलवले. आवाज आला नाही. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो गेला तो गेलाच. लिहिणं सहीपुरतं, त्यामुळे हातात पाटी देऊनही उपयोग नव्हता.

अनुजाची पीएचडी यावरच होती. माणसाचे ओठ बघून कंप्युटरने त्याचं बोलणं ओळखायचं. इंग्रजीसाठी असलं बरंच काही झालं होतं, पण काळाचौकीच्या चाळीतल्या मालवणी ओठांचं कुणाला पडलंय? म्हणून ती घरातली साधी वाक्यं सांगायची, बाबा ती ओठांनी म्हणायचे आणि यंत्र शिकायचं. एका चेहऱ्यावर भागेना, तेव्हा तिने आईलाही समोर बसवलं.

"विषय बदल, वर्षं फुकट जातील," असं तिचे देवदत्त सर कधीपासून सांगत होते. पण तिला पदवीचं एवढं नव्हतंच. बाबांना काहीतरी सांगायचं होतं. ती दाराबाहेर पडली की त्यांचे ओठ हलायचे, वळून पाहिलं की मिटायचे. दुखणं उलटलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. ते ऐकायच्या आधीच माणूस गेला तर?

"आई, तुम्ही दोघं एकाच गिरणीच्या साचेखात्यात होतात ना? मागांच्या खडखडाटात ओठांवरच बोलायचात म्हणे."

शांताबाई पेज ढवळत होत्या. "सगळेच बोलायचे. गिरण गेली, ता पण गेला."

"मग बाबा काय बोलतात, तुला काहीच कळत नाही?"

"पाणी व्हया असात. आणखी काय?"

बाबांनी पेजेच्या वाटीवरून तोंड फिरवलं. हे आता रोजचंच झालं होतं. आई त्यांच्यापुढे बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली. देवाचं नाव घेत असेल, म्हणून अनुजाने लक्ष दिलं नाही. शेवटी त्यांनी दोन घास घेतले आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसले. अंगात त्राण नव्हतं, पण या एका कामाला ते कधी नाही म्हणाले नाहीत. अनुजाला भरून आलं.

यंत्र बऱ्यापैकी वाचू लागलं, तेव्हा तिने मन घट्ट केलं. कॅमेरा फळीवर चालू ठेवला, "लालबागला मसाला आणायला जाते" असं सांगितलं आणि बाहेर पडली. आपल्याच बापावर अशी चोरून नजर ठेवायची तिला लाज वाटली. तरी ठेवली.

परत आल्यावर गॅलरीत बसून तिने ते चित्रण यंत्राला दिलं. पलंगावर बाबा होते, समोर चमचा धरून आई. बाबांचे ओठ हलले आणि त्यांच्या चेहऱ्याखाली अक्षरं उमटली.

"शांता, आता बास झाला. माका जावंदे."

अनुजाने तोंडावर हात दाबला. पडद्यावर आईने पदराने बाबांची हनुवटी पुसली. मग तिचेही ओठ हलले, आणि यंत्राने तेही वाचलं.

"थोडी कळ काढा. पोरीचा शिक्षण तुमच्या तोंडार चल्ला हा, ता पुरा होवंदे."